घासलेलं वेगळं, झिजलेलं वेगळं

आदरणीय काका,

सा. न.

फोनवर आभार मानायला लागलो की तुम्ही "बरं बरं, ठेवा आता" म्हणून फोन बंद करता. म्हणून बाबांचं यंत्र दुरुस्त करून दिलंत त्याबद्दल हे उघड पत्र. चिडाल, माहीत आहे. चिडा.

बाबा बोटीवर होते. डफरिन या प्रशिक्षण जहाजावर शिकले आणि पुढे तीसेक वर्षं मालवाहू जहाजांवर काढली. ते गेल्यावर कपाटावरचा लाकडी डबा खाली काढला. आत त्यांचा सेक्स्टंट, म्हणजे सूर्य-ताऱ्यांची क्षितिजापासूनची उंची अंशांत मोजून समुद्रात आपण कुठे आहोत ते काढायचं यंत्र. त्यावर कोरलेलं 'हेन्री ह्यूज अँड सन, लंडन'. लहानपणी आम्हा भावंडांना त्याला हात लावायची सक्त मनाई होती, त्यामुळे तो नेमका चालतो कसा हे कधी कळलंच नाही. आता बारीक मोजमापाचा ड्रम फिरत नव्हता, एक आरसा तडकलेला होता आणि दुसऱ्यावर काळे डाग पडले होते.

तुमच्याकडे यायच्या आधी कुठे कुठे भटकलो ते मी पूर्ण सांगितलं नव्हतं. लाज वाटत होती. एका दुकानदारानं याचा टेबल लॅम्प फार झकास होईल असं सुचवलं. दुसरा अदलाबदलीला तयार होता: त्याचा लखलखीत पितळी सेक्स्टंट घ्यायचा, त्यावर ठळक 'केल्विन अँड ह्यूज, लंडन, १९१७'. हे ऐकून तुम्ही चष्मा काढून हसलात, कारण त्या दोन कंपन्या एकत्र होऊन ते नाव आलं १९४७ साली. एका संस्थेनं अर्ज मागवला, फोटो मागवले, आणि आठ महिन्यांत एका ओळीचंही उत्तर दिलं नाही. नाही म्हणाले असते तरी चाललं असतं हो.

शेवटचा तो पॉलिशवाला. "पितळ आहे साहेब, सोन्यासारखं करून देतो." मी शहाणा, देऊन मोकळा झालो. मनात काय आलं कोण जाणे, दुपारी परत गेलो तर अर्धी चौकट पॉलिशच्या चाकाखाली जाऊन चकाकत होती, चापावरच्या, म्हणजे खालच्या आकडे कोरलेल्या कमानीवरच्या, पहिल्या काही अंशांच्या रेषा पुसट झाल्या होत्या आणि खालच्या दातांत लाल पेस्ट भरलेली. वर बिल पूर्ण घेतलं.

एवढं होऊन तुमच्या दारात उभा राहिलो. तोवर प्रत्येकानं डबा उघडताच विचारलं होतं, "किती जुना? विकायचाय?" तुम्ही हात धुऊन आलात, दिवा जवळ ओढलात आणि विचारलंत, "कुणाचा?"

मला वाटलं, आता बोलणी खावी लागणार. तुम्ही एवढंच म्हणालात, "पॉलिशवाला कामसू दिसतो." मग मला स्टुलावर बसवून सांगितलंत की हे यंत्र काळं रंगवतात ते ऊन चकाकून डोळ्यात जाऊ नये म्हणून. जुन्या व्हर्निअरच्या (सरकत्या बारीक मोजपट्टीच्या) सेक्स्टंटमध्ये चापावर चांदीची पट्टी बसवलेली असते, तिच्यावरच्या रेषा केसाएवढ्या, तिला पॉलिश लावणं म्हणजे ग्रंथावर खोडरबर फिरवणं. त्या रेषा पूर्वी कारागीर हातानं आखायचे. लंडनच्या जेसी रॅम्सडेननं १७७० च्या दशकात त्या आखणारं यंत्र बनवलं, तेव्हा कुठे लहान आकाराचे सेक्स्टंट भरवशाचे झाले. "माणसं एका रेषेसाठी आयुष्य घालवतात," म्हणालात, आणि टूथपिकनं एकेक दात साफ करायला लागलात. त्या संध्याकाळी मी दोन तास नुसता ते बघत होतो.

मला आणखी एक शंका होती आणि ती विचारताना मी चाचरलो. चाप वर्तुळाचा सहावा हिस्सा, म्हणजे ६० अंश. मग त्यावर १२० पर्यंत आकडे कसे? तुम्ही हसला नाहीत. ताटली घेतलीत, दिव्याचा कवडसा भिंतीवर पाडलात आणि ताटली जराशी कलती केलीत. कवडसा दुप्पट सरकला. आरसा फिरतो त्याच्या दुप्पट किरण वळतो, म्हणून ६० चे १२०. बाबा तीस वर्षं जे करत होते ते मला पन्नाशीला आल्यावर एका स्टीलच्या ताटलीनं समजलं.

आरसे कसे बसवलेत, ड्रम कसा सुटला, यातलं मला फारसं कळलं नाही. जे कळलं ते रंगाच्या दिवशी.

चौकटीला काळा रंग देऊन झाला होता. फिरत्या दांड्याच्या तळाशी, जिथे डाव्या हाताचं बोट आणि अंगठा दाबून पकड सोडवतात, तिथे मात्र नखाएवढे दोन पिवळे ठिपके तसेच उघडे होते. मला वाटलं, राहिले असतील. मी दाखवले. तुम्ही कुंचला धूत होता, मान वर न करता म्हणालात, "घासलेलं वेगळं, झिजलेलं वेगळं. ते पॉलिशवाल्याचं होतं, झाकलं. हे तुमच्या वडिलांचं आहे."

मी पाणी प्यायचं निमित्त करून बाहेर गेलो. तुम्हाला ते कळलं असणार, कारण परत आलो तेव्हा चहा सांगितलेला होता.

मग जानेवारीतली ती दुपार, तुमची गच्ची. गडद काचा लावून सूर्याची दोन बिंबं, एक थेट आणि एक आरशातलं, कडेला कड टेकवायची, एकदा या बाजूनं, एकदा त्या. शून्याच्या आतल्या बाजूला (ऑन द आर्क) ३१.६, बाहेरच्या बाजूला (ऑफ द आर्क) ३३.६, दोन्ही मिनिटांत, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागांत. दोन्हींची बेरीज भागिले चार, १६.३ मिनिटं, म्हणजे जानेवारीतल्या सूर्याची बरोबर अर्धी रुंदी. तुम्ही कागद माझ्यापुढे सरकवलात, "बघा, खोटं बोलत नाही तो." दोन्हींतल्या फरकाची निम्मी, म्हणजे इंडेक्स एरर (यंत्राची शून्यावरची चूक), उरली एक मिनिट; समुद्रावर एक सागरी मैल, १८५२ मीटर. ती शून्यावर आणा म्हणून मी हट्ट धरला, तर तुम्ही ओरडलात. एवढ्यासाठी आरशाचे स्क्रू पिळत बसू नये, ते ढिले होतात. चूक माहीत असली की हिशेबात मिळवता येते.

काका, तुमच्यासारखी माणसं अजून आहेत, फक्त त्यांच्या दुकानाला पाटी नसते. संस्थांकडे लेटरहेड असतं, पॉलिशवाल्याकडे बिलबुक. तुम्ही पैसे घेतलेत फक्त आरशांचे, तेही मी दोनदा मोजून पुढे केले तेव्हा एकदाच घेतलेत. चांगुलपणाबद्दल आणखी लिहिलं तर पत्र वाचायचंच सोडून द्याल, म्हणून आवरतो.

डब्याच्या झाकणात बाबांनी पेन्सिलीनं इंडेक्स एररच्या तारखा लिहून ठेवल्यात. त्याखाली तुमच्या वहीचा तो कागद, ३१.६ आणि ३३.६ वाला, ठेवलाय. चिकटवलेला नाही. तुम्ही म्हणाला होतात, गोंद लावू नका.

येत्या रविवारी येतोय. आईनं नारळाच्या वड्या दिल्यात. साखर कमी आहे, काकूंना आधीच सांगून ठेवा.

आपला,
तो डबा घेऊन आलेला मुलगा