बाई, सुताच्या अक्षरांबद्दल

आदरणीय बाईंना,
साष्टांग नमस्कार.

तुम्ही हुबळीला लेकीकडं राहायला गेल्यापासून बेळगावच्या आपल्या वडगावात मला एकच प्रश्न विचारतात सगळे : पोरगीला कुठल्या क्लासला घातलास? शाळेचं तोंड बघायच्या आधीच ती दुकानांवरच्या मराठी पाट्या वाचायला लागली, म्हणून. क्लास नव्हता, शेजारी बाई होत्या, हे प्रत्येकाला मागाच्या खडखडाटात ओरडून सांगायचं म्हणजे अवघडच. तेव्हा हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय. चारचौघांत केलेलं कौतुक तुम्हाला आवडत नाही, ठाऊक आहे. रागवा, पण पुरतं वाचा.

ती अडीच वर्षांची असताना पाहुण्यांनी मुळाक्षरांचा तक्ता आणला होता. तुम्ही तो गुंडाळून माळ्यावर टाकायला लावलात. म्हणालात, "अक्षरं कुठं पळून जात नाहीत. आधी कान तयार होऊ दे तिचा." मला काही उमगलं नव्हतं. आमच्या लहानपणी पाटीवर गिरवणं म्हणजेच शिक्षण.

मग तुम्ही तो खेळ लावून दिलात. माझे माग चालू असले की घरात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, पण लाईट गेली की सगळं गप्प. तीच वेळ तुम्ही नेमून दिलीत. लाईट गेली, की 'म'चं काय काय दिसतं ते सांगायचं. मांजर, मीठ, मावशी. नंतर टाळ्या वाजवून शब्द तोडायचा : क-ड-बू. शेवटी कुठला आवाज आला? त्यात कागद नाही, पेन्सिल नाही. शब्द म्हणजे सुटे सुटे आवाज एकमेकांना जोडलेले, एवढं पोराच्या कानाला कळलं की पुढं अक्षर ही त्या आवाजाची नुसती खूण उरते. हे मला सहा-सात महिन्यांनी पटलं, आणि आज मी ते गल्लीत दुसऱ्यांना ऐटीत सांगतो. लाईट गेली की शिव्या घालणारा माणूस मी, पण तेवढे महिने पोरगी टाळ्या पिटत पळत यायची.

रोज एक गोष्ट वाचून दाखवायची, ओळीखालून बोट फिरवत, ही तुमची दुसरी अट. सार्वजनिक वाचनालयातून तुम्हीच पुस्तकं आणून द्यायचात. ते वाचनालय 1848 सालचं, आणि माझ्या घरातला एकही माणूस त्याआधी तिथली पायरी चढलेला नव्हता. तेच पुस्तक तिला पुन्हा पुन्हा हवं असायचं, मी कंटाळायचो. "तुला कंटाळा आला तर ते तुझं दुखणं. ती पाठ करालीय, करू दे." पाठ झालेल्या ओळीवरूनच बोट कुठल्या शब्दावर आहे हे तिला पहिल्यांदा कळलं, ते मी डोळ्यांनी बघितलंय.

आता सुताची अक्षरं. बाजारात लाकडी अक्षरांचा संच बघून मी किंमत विचारून आलो होतो. तुम्ही लहान मुलांच्या शिक्षणासाठी झटलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांचं सांगितलंत : 1945 मध्ये बोर्डीला बालवाडीचं काम सुरू केलं, पुढं कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांना दगड-गोटे, पानं, बिया घेऊन शिकवलं. "तुझ्या घरात सूत पडलंय ढीगभर, आणि संच कसला विकत आणतोस?" साड्यांच्या खोक्यांचा पुठ्ठा, कांडीवरचं उरलेलं जाड सूत, आणि खळ. तुम्ही अक्षराच्या वळणानं सूत चिकटवत गेलात आणि पोरगी डोळे मिटून त्यावरून बोट फिरवायला लागली. लिहायला मात्र दिलं नाहीत. तीन वर्षांच्या बोटांना पेन्सिल जड होते म्हणालात. फार तर परातीत रवा पसरून बोटानं रेघोट्या.

आणि क्रम! 'अ आ इ ई' नाही, तर ग, म, भ, न, कारण यांची वळणं एकमेकांच्या जवळची. त्यात 'र' आला, की लगेच शब्द झाले : मग, गरम, नगर, नमन. काना आणलात तेव्हा 'मग'चा 'माग' झाला. तेव्हा ती उठून मागाला हात लावून आली. पाच अक्षरं आणि एक काना यांत बापाचा धंदा वाचता येतो, हे मला तरी कुणी सांगितलं नव्हतं. ऱ्हस्व वेलांटी तुम्ही मुद्दाम मागं ठेवलीत, कारण ती काढायची अक्षराच्या आधी आणि बोलायची नंतर. लहान पोर तिथंच अडखळतं. आधी 'मी', 'ती', 'नीट'. जोडाक्षरांना अजून हात लावलेला नाही. घाई नाही.

पाहुण्यांसमोर "वाच बघू हे" म्हणायचं नाही, ही तुमची बंदी मी पाळतो. सासरे एकदा रुसले होते. रुसू देत.

कन्नडचं तर विशेष. बायकोला धास्ती होती, की घरी मराठी, गल्लीत कन्नड, पुढं शाळेत इंग्रजी, पोरीचा गोंधळ उडेल. आपल्याकडं या विषयावर बोलणं निघालं की माणसं लगेच बाह्या सरसावतात. तुम्ही म्हणालात, "शेजारच्या अक्काशी ती कन्नडच बोलू दे, तुम्ही घरात मराठीच वाचा. एका लिपीत वाचायचं कसब आलं, की दुसरीला निम्मा त्रास." नि खरंच, क ख ग घ चा क्रम दोन्हीकडं तोच, बाराखडीसारखंच त्यांचं कागुणित. फक्त ए आणि ओ तिकडं ऱ्हस्व-दीर्घ वेगळे. तुम्ही प्रत्येक पुठ्ठ्याच्या पाठीवर त्याच आवाजाचं कन्नड अक्षर सूत लावून ठेवलंत, आणि शाळा सुरू झाल्याशिवाय उलटायचं नाही अशी ताकीद दिलीत. उलटलेलं नाही. जूनमध्ये उलटू.

एकच अडचण आहे. 'ळ' चं सूत सुटलं, कारण तो तिचा लाडका. मी परत चिकटवलं, पण पोरगी म्हणते हा 'ळ' बाईंचा नाही. चवथीला बेळगावला येणार आहात ना, तेव्हा तेवढा एक नीट करून द्या. खळ आणि सूत मी काढून ठेवतो.

तुमचा,
समोरच्या मागावरचा