नाव खोडले, पण गाव राहिले

मा. संपादक,
स. न.

रुग्णांच्या नोंदी संशोधनाला द्यायच्या असल्या की 'नाव काढून टाका, झाले' असे सर्रास मानले जाते. गोव्यात तेवढे पुरत नाही. २०११च्या जनगणनेत आपण १४ लाख ५८ हजार होतो. गाव, 'स्त्री, ६३ वर्षे, दाखल १२ मार्च' एवढे लिहिले की ती कोण, हे वाड्यावरचे कोणीही सांगेल.

अमेरिकेच्या नियमात पिनचे पहिले तीन आकडे ठेवायची मुभा आहे, तीही त्या भागात २० हजारांहून अधिक वस्ती असेल तरच. आपल्याकडे सगळेच पिन ४०३ने सुरू होतात. तीन आकडे ठेवले तर संशोधकाच्या हाती काहीच लागत नाही. सहाही ठेवले तर माग मोजक्या गावांपर्यंत पोचतो.

म्हणून गाव पुसून मोकळे व्हावे, असेही नाही. सत्तरी तालुक्यात २०१५पासून माकडतापाचे रुग्ण आढळले. गोचिडीतून पसरणारा हा आजार काजूच्या हंगामात रानात राबणाऱ्यांना गाठतो. कोणत्या रानाच्या कडेला लागण झाली, हे गावाशिवाय कळायचेच नाही आणि ते कळले नाही तर खबरदारी तरी कुठे घ्यायची? अशा वेळी गावनिहाय नोंदी रुग्णालयातल्याच एका संगणकावर ठेवाव्यात, त्याचे इंटरनेट आणि पेनड्राइव्हची सोय बंद असावी आणि संशोधकाने तिथे येऊन बसावे. बाहेर जातील ते फक्त तक्ते. तक्त्यात पाचपेक्षा कमी रुग्णांचा आकडा छापू नये. तेवढ्यानेही भागत नाही: खाली एकूण बेरीज असेल तर वजाबाकी करून तो आकडा काढता येतो, म्हणून त्याच रकान्यातला आणखी एक चौकोन झाकावा लागतो. घाईत राहते ते नेमके हेच.

तारखांचेही तसेच. एका रुग्णाच्या सगळ्या तारखा सारख्याच दिवसांनी मागेपुढे सरकवल्या तर दाखल होणे आणि घरी जाणे यांतले अंतर शाबूत राहते. पण हंगामी आजारात त्याने हंगामच बिघडतो. तिथे तारखेऐवजी आठवडा द्यावा. वय पाच वर्षांच्या गटात द्यावे.

केसपेपरचा नंबर हा 'कोड' नव्हे. नोंदवही उघडणाऱ्या प्रत्येकाला त्यावरून नाव सापडते. मोबाइल नंबर सांकेतिक करून दिला तरी दहा आकड्यांचे सगळे नंबर त्याच पद्धतीने सांकेतिक करून मूळ नंबर शोधता येतो. कोड नव्याने, चिठ्ठ्या टाकल्यासारखा काढावा आणि नाव-कोडची यादी संशोधकांच्या गटाबाहेरच्या माणसाकडे कुलुपात ठेवावी. सोनोग्राफीच्या चित्राच्या कोपऱ्यात छापलेले नाव आणि 'शेरा' रकान्यातले 'सरपंचांची सून' हे शब्द कोणतेही सॉफ्टवेअर हमखास पकडत नाही. ते माणसानेच वाचून काढावे लागतात.

२०२३च्या डिजिटल व्यक्तिगत विदा (डेटा) संरक्षण कायद्याने संशोधनाला सूट दिली आहे, पण ठरलेली मानके पाळून, आणि त्या माहितीवरून त्या माणसाविषयी कोणताही निर्णय घेतला जाणार नसेल तरच. ही अट का महत्त्वाची, हे गोव्याला वेगळे सांगायला नको. रक्तदान केलेल्या डॉमनिक डिसोझा यांना एचआयव्हीची लागण असल्याचे कळल्यावर १९८९मध्ये आरोग्य कायद्याचा आधार घेऊन म्हापशात डांबून ठेवले गेले होते. रक्ताच्या एका तपासणीचा निकाल एका माणसाच्या स्वातंत्र्यावर उठला.

रुग्णालयांच्या नैतिकता समित्यांकडे मागणी एकच: संशोधनाला मंजुरी देताना कोणते रकाने बाहेर जाणार, त्यांची यादी मागा आणि ती मराठी-कोंकणीत ओपीडीच्या फलकावर लावा. उपचाराच्या संमतीपत्रातच संशोधनाची ओळ घुसडू नका. ती सही वेगळ्या कागदावर घ्या, आणि नाही म्हटले तरी उपचारात फरक पडणार नाही, हे त्याच कागदावर मोठ्या अक्षरांत छापा.

— रुग्णनोंदींचे काम करणारे काही कर्मचारी, फोंडा