महिलांसाठी पोहण्याची स्वतंत्र वेळ हवी

महोदय,

खानापूर, बेळगाव परिसरात भातलावणीत दिवसभर चिखलात वाकून राबणाऱ्या महिलांची कंबर आणि गुडघे चाळिशीतच कुरकुरू लागतात. मग डॉक्टरांनी चालायला सांगितले, तरी ते सोसवत नाही. अशा वेळी पोहणे फार उपयोगी पडते, कारण छातीभर पाण्यात शरीराचा निम्म्याहून अधिक भार पाणीच पेलते आणि सांध्यांवर ताण न येता हात, पाय, पाठ व फुप्फुसांना एकाच वेळी व्यायाम मिळतो. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांना सुचवलेला आठवड्याचा किमान 150 मिनिटांचा मध्यम व्यायाम त्यातूनही पूर्ण होतो. आमच्याकडे मुलगे पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकतात, मुली मात्र काठावरच राहतात, याचे वाईट वाटते. जलतरण तलावांवर महिला प्रशिक्षक नेमून महिलांसाठी स्वतंत्र वेळ ठेवावी, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, खानापूर