नुसते ‘आय-फाइव्ह’ नको, पूर्ण नाव लिहा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

दिवाळीच्या तोंडावर बेळगावातील कॉम्प्युटरच्या दुकानांत खानापूर, निपाणी, चिकोडीकडचे पालक मुलांसोबत येतात. मुलाला गेमिंगचा कॉम्प्युटर अपग्रेड करायचा असतो आणि वडिलांना त्यातले काही कळत नसल्याने दुकानदार लिहून देईल त्या कागदावर विश्वास ठेवण्यावाचून त्यांना गत्यंतर नसते. खेळाची वस्तू म्हणून हा विषय हसण्यावारी नेला जातो. पण खर्च अनेक घरांच्या महिन्याच्या कमाईइतका असतो, म्हणून हे पत्र.

माझा भाचा शहापुरात राहतो. त्याच्या कॉम्प्युटरमध्ये एएमडी कंपनीचा रायझन ५ २६०० हा २०१८ सालचा प्रोसेसर (कॉम्प्युटरचा मेंदू), बी४५० चिपसेटचा (बोर्डावरील नियंत्रक चिपचा) मदरबोर्ड म्हणजे सगळे भाग जोडणारा मुख्य बोर्ड आणि डीडीआर४ प्रकारची १६ जीबी रॅम होती. नवे गेम अडखळू लागले म्हणून तो एका दुकानात गेला, तेव्हा त्याला प्रोसेसर, मदरबोर्ड आणि रॅम असे तिन्ही बदलण्याचे ४२ हजार रुपयांचे कोटेशन मिळाले. त्यावर ‘आय-५ प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम’ एवढेच लिहिलेले होते. प्रोसेसर कितव्या पिढीचा, बोर्ड कोणत्या चिपसेटचा, रॅम डीडीआर४ की डीडीआर५, याचा कागदावर पत्ता नव्हता, आणि विचारल्यावर ‘एकदम लेटेस्ट आहे’ असे सांगून त्याची बोळवण करण्यात आली.

‘आय-५’ हे एका प्रोसेसरचे नाव नसून इंटेल कंपनीच्या प्रोसेसरांच्या अख्ख्या कुळाचे नाव आहे. २०१४ सालचा आय-५ ४४६० चार कोअर (काम करणारे गाभे) आणि चार थ्रेडचा (एकाच वेळी चालणाऱ्या कामांच्या ओळी) होता, तर २०२२ साली आलेला आय-५ १२४०० सहा कोअर आणि बारा थ्रेडचा आहे. दोघांचे सॉकेट (बोर्डावर प्रोसेसर बसण्याची जागा) वेगळे, रॅम वेगळी, कामाच्या वेगात तर तुलनाच नाही. तरीही बिलावर दोघेही ‘आय-५’. नावापुढचा अंक आणि अक्षर गाळले, की ग्राहकाला काय मिळाले हे ठरवायला काहीच उरत नाही. नावाच्या शेवटी ‘एफ’ अक्षर असलेल्या इंटेल प्रोसेसरमध्ये अंगचे ग्राफिक्स नसते, त्यामुळे पडद्यावरचे चित्र तयार करणारे वेगळे ग्राफिक्स कार्ड बिघडले तर पडद्यावर काहीच दिसत नाही. एका अक्षराचा अर्थ इतका असतो.

भाच्याने पैसे भरण्याआधी मला विचारले हे बरे झाले. आम्ही प्रथम अडचण प्रोसेसरचीच आहे का, ते पाहिले. गेममधील रिझोल्युशन व ग्राफिक्सची पातळी कमी केली असता फ्रेम (दर सेकंदाला पडद्यावर उमटणारी चित्रे) लक्षणीय वाढल्या, तर ताण ग्राफिक्स कार्डावर आहे असे समजावे. त्या जागच्या जागी राहिल्या, तर बहुधा प्रोसेसर मागे पडतो आहे. घरच्या घरी, फुकटात होणारी ही तपासणी दुकानात कुणी सुचवत नाही याचे मला खरोखर वाईट वाटते. त्याच्या बाबतीत दोष प्रोसेसरचाच निघाला. पण त्यासाठी बोर्ड टाकून देण्याची गरज नव्हती. भाच्याचा बोर्ड ज्या एएम४ सॉकेटचा, त्यावर २०१७ पासून रायझनच्या अनेक पिढ्या आल्या आणि बायोस (बोर्डातले मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत केले, की बी४५० बोर्डावर २०२२ सालचा रायझन ५ ५६०० चालतो. कोअर तेवढेच सहा, पण प्रत्येक कोअर कितीतरी वेगवान. हे काम कोटेशनच्या पाव खर्चात झाले.

काम मात्र जपून करावे लागले. बायोस बदलत असताना मध्येच वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो आणि आषाढातील पावसात आमच्याकडे वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो, म्हणून शेजाऱ्यांचा यूपीएस मागून आणला आणि तो पूर्ण चार्ज झाल्यावरच पेनड्राइव्ह लावला. एएम४ प्रोसेसरच्या पोटाला १३३१ नाजूक पिना असतात. प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या कूलरखालची उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाळलेली असेल आणि कूलर सरळ वर ओढला, तर प्रोसेसरही सॉकेटमधून उपटून येतो व पिना वाकतात. त्यासाठी आधी अर्धा तास गेम चालवून पेस्ट ऊबदार केली, मग कॉम्प्युटर बंद करून कूलर हलक्या हाताने डावी-उजवीकडे फिरवत मोकळा केला.

सगळे बदलणे नेहमीच चूक असते असे मी म्हणत नाही. वर सांगितलेला ४४६० ज्यांच्याकडे आहे, त्यांची डीडीआर३ रॅम नव्या बोर्डात बसत नाही आणि विंडोज ११ ला तो प्रोसेसर अधिकृतपणे चालत नाही. तिथे तिन्ही वस्तू नव्या घेणेच योग्य. मात्र अशा वेळी महागडा प्रोसेसर घेऊन बोर्डावर काटकसर करण्याचा मोह आवरावा. इंटेलच्या एच६१० चिपसेटच्या बोर्डांवर बहुधा रॅमचे दोनच स्लॉट असतात, रॅमचा वेग वाढवण्याची मुभा नसते, आणि अनेक स्वस्त बोर्डांवरील प्रोसेसरला वीज पुरवणारी यंत्रणा जेमतेम असते, त्यामुळे ताकदवान प्रोसेसर त्यावर दबूनच चालतो. बी७६० चिपसेटचे बोर्ड त्यापेक्षा सरस. पुढे पुन्हा फक्त प्रोसेसर बदलायची इच्छा असेल तर २०२२ साली आलेल्या एएमडीच्या एएम५ सॉकेटचा विचार करावा, पण त्याला केवळ डीडीआर५ रॅम चालते, हा खर्च आधीच धरावा. इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीतील वरच्या दर्जाचे प्रोसेसर अस्थिर होत असल्याचे २०२४ साली उघड झाले होते. कंपनीने दुरुस्ती दिली आणि बाधित प्रोसेसरांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. असा प्रोसेसर वापरलेला घेताना बोर्डाचे बायोस त्या दुरुस्तीनंतरचे आहे ना, हे पाहणे अगत्याचे आहे.

आता दुकानदार बंधूंना विनंती. कोटेशनवर आणि बिलावर प्रोसेसरचे पूर्ण नाव, मदरबोर्डची कंपनी व मॉडेल, रॅमचा प्रकार व वेग, तसेच प्रोसेसर पेटीबंद आहे की सुटा ‘ट्रे’मधला, हे लिहावे, कारण सुट्या प्रोसेसरला उत्पादकाची थेट वॉरंटी सहसा मिळत नाही. ते मराठीत, कन्नडमध्ये की इंग्रजीत लिहिले याने फरक पडत नाही, पूर्ण लिहिले पाहिजे. पालकांनीही ‘जीएसटी वाचवतो, कच्ची पावती घ्या’ या बोलण्याला भुलू नये. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. शिवाय आपल्या सीमाभागातील बरेच जण कोल्हापूर किंवा पुण्याहून माल आणतात. त्यांनी हे ध्यानात ठेवावे, की याच कायद्याने ग्राहकाला तो राहतो त्या जिल्ह्यातील ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे तक्रार करता येते. म्हणजे माल कोल्हापूरचा असला तरी दाद बेळगावात मागता येईल, फक्त हातात पूर्ण नावाचे पक्के बिल हवे.

आपला विश्वासू,
एक वाचक, खानापूर (जि. बेळगाव)