किसान रेल बंद ठेवून वाहतूक हरित कशी होणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातली 'हरित लॉजिस्टिक्स' ही पुरवणी वाचली. गोदामांच्या छपरांवरचे सौर पॅनेल, शहरात पार्सल पोहोचवणाऱ्या इलेक्ट्रिक गाड्या, क्रेटमधले सेन्सर, सगळे आले. फळे-भाजीपाल्यासारखा नाशवंत शेतमाल नेणाऱ्या किसान रेलबद्दल मात्र अवाक्षर नाही. सांगोल्याच्या डाळिंब शेतकऱ्याला हे वाचून राग येणारच.

28 डिसेंबर 2020 रोजी देशातली शंभरावी किसान रेल आमच्या सांगोल्याहून बंगालमधल्या शालिमारला निघाली. पंतप्रधानांनी ऑनलाइन हिरवा झेंडा दाखवला. फळे-भाजीपाल्याच्या भाड्यात निम्मी सवलत होती, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे किमान मालाची अट नव्हती. ज्याच्याकडे अख्खा ट्रक भरेल एवढा माल नाही, त्याचे चार क्रेटही दोन हजार किलोमीटर लांब जात होते. त्यासाठी बांधावर आलेल्या व्यापाऱ्याच्या भावाला मान तुकवावी लागत नव्हती. मार्च 2022 अखेर ही निम्मी सवलत थांबली आणि पुढे गाड्याही.

गेल्या आंबे बहराचा, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत फुलोऱ्यावर येणाऱ्या डाळिंबाचा, माल नाइलाजाने ट्रकने कोलकात्याला पाठवला. रायपूरच्या पुढे गाडी बिघडली. हुंडेकऱ्याच्या (मालवाहतूक ठरवून देणाऱ्याच्या) मोबाइलवर जीपीएसचा ठिपका दिसत होता. गाडी कुठे उभी आहे हे आम्हाला रस्त्याच्या नावासकट कळत होते, पण ती हलवणे कोणाच्याच हातात नव्हते. वरून पाऊस. आडत्याने फोटो पाठवले, त्यात खालच्या थरातल्या फळांच्या मुकुटात पांढरी बुरशी धरली होती आणि क्रेटमधली कागदाची कात्रणे रसाने लाल झाली होती. आडत्याकडून विक्रीच्या हिशेबाची पट्टी आली तेव्हा भाडे, हमाली, आडत वजा जाता औषध फवारणीचा खर्चही सुटला नाही. तेल्या रोगातून बाग वाचवायची आणि फळ रस्त्यात घालवायचे, हे किती वर्षे सोसायचे?

तंत्रज्ञानाला माझा विरोध नाही. पण टनामागे ट्रकपेक्षा खूपच कमी इंधनात माल नेणारे साधन रेल्वे आहे आणि मध्य रेल्वेच्या सगळ्या ब्रॉडगेज मार्गांचे विद्युतीकरण 2023 मध्येच पूर्ण झाले. राष्ट्रीय रेल्वे आराखड्यात 2030 पर्यंत मालवाहतुकीतला रेल्वेचा वाटा 45 टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट आहे. मग नाशवंत मालाची गाडी बंद का? सवलत परवडत नसेल तर कमी करा, पण ठरलेल्या वारी ठरलेल्या वेळी गाडी सोडा. आम्ही भाडे भरू. गाडी केव्हा सुटणार याची खात्री असली की काढणीचा दिवस धरता येतो, मजूर सांगता येतात, आणि धंदा टिकतो तो त्यावर. तुमच्या प्रतिनिधीने रेल्वेला एवढाच प्रश्न विचारावा आणि मिळेल ते उत्तर छापावे.

आणखी एक. आपल्या अंकातले बाजारभावांचे सदर हल्ली अर्ध्या रकान्यावर आले आहे, त्यात डाळिंबाचे भाव असतातच असे नाही आणि असले तर दोन-तीन दिवसांपूर्वीचे असतात. पुरवण्यांना जागा मिळते, तशी सांगोला, पंढरपूर आणि सोलापूर बाजार समित्यांच्या ताज्या भावांनाही मिळावी.

– एक डाळिंब उत्पादक, ता. सांगोला, जि. सोलापूर