गळती कॅलिपरची, आजार डिस्कचा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला जुन्या गाड्या सांभाळण्यावरचा लेख इथे मिशिगनमध्ये बसून आवडीने वाचला. फक्त एक वाक्य खटकले: ‘ब्रेकमधून ऑइल गळू लागले की सील किट बदलावे, काम भागते.’ माझे नाही भागले. मागच्या उजव्या चाकावर मी तीन वेळा पैसे घातले आणि चौथ्यांदा गळती बघायला खाली वाकलो, तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. त्याची हकिगत सांगतो.

माझी गाडी १९७२ ची शेव्हरोले कॉर्व्हेट. नारिंगी, फायबरच्या बॉडीची, पुढे-मागे दोन्हीकडे क्रोमचे बंपर असलेल्या शेवटच्या वर्षाची. या गाडीला १९६५ पासून चारही चाकांना डिस्क ब्रेक आले, प्रत्येक कॅलिपरमध्ये (ब्रेकचे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या चिमट्यात) चार पिस्टन. त्या काळात ही मोठी चैन होती. तीच रचना थेट १९८२ पर्यंत चालली, आणि तिचे दुखणेही तेवढीच वर्षे चालले.

दुखणे असे. बहुतेक गाड्यांच्या कॅलिपरमध्ये चौकोनी छेदाचे रबरी सील बोअरच्या, म्हणजे पिस्टन ज्या भोकात सरकतो त्याच्या, खाचेत बसलेले असते. ब्रेक सोडला की ते पिस्टनला केसभर मागे ओढते. कॉर्व्हेटमध्ये सील पिस्टनवरच असते, पातळ ओठाचे, आणि पिस्टनबरोबर बोअरमध्ये पुढे-मागे घासत जाते. शिवाय प्रत्येक पिस्टनच्या मागे एक स्प्रिंग. त्यामुळे पॅड कायम डिस्कला हलकेच टेकलेले राहतात आणि पेडल दाबताच ब्रेक लागतो. कल्पना छान आहे, पण बोअर बिडाचा. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा पितेच. गाडी आमच्याकडे थंडीचे पाच महिने गॅरेजमध्ये झाकून असते, त्या काळात तो ओलावा आतल्या बिडाला गंज चढवतो आणि बोअरला खड्डे पडतात. वसंतात पहिल्यांदा पेडल दाबले की सीलचा ओठ त्या खड्ड्यांवरून घासतो आणि फाटतो. चालवून झिजलेल्या कॅलिपरपेक्षा उभी राहून खराब झालेले कॅलिपर मी जास्त पाहिले आहेत.

पहिल्या वेळी मी लेखातलाच सल्ला पाळला: सील किट. आठ महिने टिकले. दुसऱ्या वेळी दुकानातून बदली कॅलिपर आणला. आपला जुना द्यायचा, दुसऱ्याचा दुरुस्त केलेला घ्यायचा. त्याच्या हवा काढायच्या एका निपलचे आटे गेलेले निघाले. मग तिसऱ्यांदा मी हट्ट धरला की माझेच कॅलिपर घ्या, बोअर मोठा करून आत स्टेनलेस स्टीलची नळी, म्हणजे स्लीव्ह, बसवा आणि माझेच परत द्या. हे काम मला नवे नव्हते. वडिलांचे कोल्हापुरात उद्यमनगरात छोटे वर्कशॉप होते. ऑइल इंजिनांच्या ब्लॉकना स्लीव्ह मारताना बघतच मी मोठा झालो. स्टेनलेसला गंज नाही, म्हणजे विषय संपला, असे मला वाटले.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात सिग्नलला ब्रेक दाबला आणि पेडल सरळ खाली गेले. पेडलचा दाब ऑइलला देणारा मास्टर सिलिंडर दुहेरी, पुढच्या-मागच्या चाकांना वेगळा, असल्याने पुढच्या चाकांनी गाडी धरली, म्हणून आज हे पत्र लिहायला मी आहे. घरी आणून पाहिले तर उजव्या मागच्या टायरच्या आतल्या बाजूला ओला ओघळ. पुन्हा तेच चाक.

त्या रात्री वडिलांचे एक वाक्य आठवले: ‘आधी मोज, मग पाना उचल.’ तोवर मी काहीच मोजले नव्हते. कॅलिपर काढून ठेवला आणि डायल गेज (बारीक हालचाल काट्यावर दाखवणारे मापयंत्र) मागच्या आर्मवर चुंबकाने बसवला. आधी बेअरिंगमध्ये खेळ नाही ना ते पाहिले, नाहीतर गेज खोटे बोलतो. मग डिस्क हाताने एक फेरा फिरवली. काटा १४ थाऊ हलला (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग)! या गाडीला ५ थाऊच्या आत हवे, म्हणजे साधारण मिलिमीटरचा आठवा भाग.

उलगडा असा. कारखान्यात डिस्क स्पिंडलला, म्हणजे चाकाच्या फिरत्या दांड्याला, रिव्हेट मारून पक्की करत आणि दोन्ही एकत्रच लेथवर टर्न करत, त्यामुळे डिस्क सरळ फिरे. माझ्याआधी कोणीतरी रिव्हेट ड्रिल करून नवी डिस्क नुसती अडकवली होती. डिस्क नवी, पण स्पिंडलच्या तोंडावर बसताना तिरकी. आता विचार करा, स्प्रिंगने पिस्टन कायम डिस्कला लावून धरलेला आणि डिस्क डुगडुगतेय. प्रत्येक फेऱ्याला पिस्टन आत-बाहेर, आत-बाहेर. तो सायकलचा पंपच झाला! ओठाचे सील आतले ऑइल दाबात असताना चांगले अडवते, पण दाब नसताना बाहेरची हवा आत ओढू देते. पेडल स्पंजसारखे होते, गळती नंतर दिसते. स्लीव्ह स्टेनलेसची असो की सोन्याची, डिस्क डुगडुगत असेल तर सील टिकायचे नाही. मी तीन वेळा आग रामेश्वरी लागलेली असताना बंब सोमेश्वरी नेत होतो.

ओठाच्या सीलऐवजी ओ-रिंगचे (गोल रबरी कडीचे) पिस्टनही मिळतात आणि ते थोडी डुगडुग सोसतात. पण न मोजता ते बसवणे मला पटत नाही.

डिस्क फिरवून वेगळ्या बोल्टवर बसवावी म्हटले, तर हँडब्रेक अॅडजस्ट करायचे भोक जुळेना. शेवटी डिस्क आणि स्पिंडलच्या मध्ये एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पातळ अशी शिम, म्हणजे पत्र्याची चकती, घातली. चाकाचे नट आवळून डिस्क घट्ट बसवली, पुन्हा गेज लावला. तीन संध्याकाळी गेल्या. काटा ३ थाऊवर आला.

मग हवा काढायची. मागच्या प्रत्येक कॅलिपरला दोन निपल असतात, आतले आणि बाहेरचे, पुढच्याला एक. बाहेरचे निपल विसरलात तर दिवसभर हवा काढत बसा. पेडलवर नेहमीप्रमाणे आमच्या सौभाग्यवती. ‘दाब… धर… सोड.’ पन्नासाव्या वेळेला वरून आवाज: ‘अहो, आता गाडीच सोडा!’ तरीही त्या दिवशी पेडल दगडासारखे कडक झाले, हे त्यांनीच आधी सांगितले.

ऑइलबद्दल थोडेसे. इथले कित्येक हौशी लोक जांभळ्या रंगाचे सिलिकॉनचे डॉट ५ घालतात (डॉटचे आकडे म्हणजे ब्रेक ऑइलचे प्रकार), कारण ते ओलावा पीत नाही आणि रंग खात नाही. पण आधीच्या डॉट ३ किंवा ४ मध्ये ते मिसळायचे नाही. आणि डॉट ५.१ हा आकडा बघून फसू नका, ते सिलिकॉनचे नसते. मी डॉट ४ वरच आहे आणि दर दोन वर्षांनी सगळे बदलतो.

आपल्या वाचकांकडे कॉर्व्हेट नसेल, पण पद्मिनी असेल, जुनी अँबेसेडर असेल. तिथे ड्रम ब्रेक, कॅलिपरऐवजी व्हील सिलिंडर, पण बिडाच्या बोअरला पडणारे खड्डे तेच आणि ‘कप (आतले रबरी सील) बदलून टाकू’ म्हणणारा मेकॅनिकही तोच. कप बदलण्याआधी बोअर कापडाने पुसा आणि नख फिरवून बघा. नख अडले तर कप बदलून उपयोग नाही. सिलिंडर नवा घ्या, नाहीतर स्लीव्ह मारून घ्या. स्लीव्ह चांगली मारणारे हात कोल्हापुरात आजही आहेत. पुरवणीत पुढचा लेख त्यांच्यावर काढलात तर आनंद होईल.

आता डाव्या मागच्या चाकाचे रिव्हेटही कोणीतरी काढलेले दिसतात. ते अजून मोजलेले नाही. शनिवारी पाऊस नसला तर गेज तिकडे लावणार आहे.

आपला,
एक जुना वाचक
लॅन्सिंग, मिशिगन (मूळचा कोल्हापूरचा)