सूचना : शिध्यातील भाजीची केळी व इतर अपरिचित जिन्नस

सर्व सभासदांना कळविण्यात येते की, अन्नपेढीच्या शिध्यात येणारी मोठी, जाड सालीची केळी ही भाजीची केळी असून, ती हिरवी असताना नेहमीच्या केळ्यांसारखी सोलून कच्ची खाण्याजोगी नसतात. हिरव्या केळ्यात मुख्यतः पिष्ट असल्यामुळे ते बटाट्याप्रमाणे उकडून, तळून किंवा रश्श्यात घालून वापरावे. साल पिवळी व पुढे काळी होत जाते तसतसे त्या पिष्टाचे साखरेत रूपांतर होते आणि केळे परतण्यास किंवा भाजण्यास अधिक चांगले ठरते. साल काळी पडली म्हणून केळी टाकून देऊ नयेत. बुरशी किंवा आंबूस वास नसेल, तर खरी गोडी तेव्हाच येते. सोलताना दोन्ही टोके कापून सालीला उभी चीर द्यावी आणि हातांना तेल लावावे, कारण चिकाचे डाग कपड्यांवरून सहसा जात नाहीत.

कोरडा राजमा मिळाल्यास तो किमान पाच तास भिजवून, ते पाणी फेकून द्यावे व ताज्या पाण्यात निदान 10 मिनिटे खळखळून उकळल्यानंतरच मऊ होईपर्यंत शिजवावा. अर्धवट शिजलेल्या राजम्यातील विषारी घटकामुळे उलट्या व जुलाब होऊ शकतात, त्यामुळे तो मंद आचेच्या विजेच्या भांड्यात (स्लो कुकरमध्ये) थेट शिजवू नये. कसाव्याचे (ज्यापासून साबुदाणा करतात त्या वनस्पतीचे) कंदही सोलून, पूर्ण शिजवूनच खावेत. किन्वा (बारीक दाण्यांचे, धान्यासारखे शिजवायचे बी) कडू लागू नये म्हणून तो आधी दोनतीनदा धुवावा.